संगणकाला उपकरणे जोडणाऱ्या डेटा केबली कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक, फोन, मॉनिटर, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क आणि राउटर यांना एकमेकांशी जोडण्यासाठी कोणती केबल घ्यावी, याविषयी घरगुती ग्राहक, लहान कार्यालये आणि शाळा यांना जे प्रश्न सतत पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उत्तरांचा रोख एकच आहे: टोक खोबणीत बसले म्हणजे केबल योग्य आहे असे धरून चालू नये, आणि वेग, वॉट व लांबी हे तीन आकडे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रश्न: दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन टाइप-सी केबलींच्या किमतीत एवढी तफावत का असते?

टाइप-सी हे केवळ टोकाच्या आकाराचे नाव आहे. त्यावरून केबलच्या क्षमतेविषयी काहीही कळत नाही. २०१४ साली हा आकार ठरला तेव्हा उपकरणाच्या बाजूच्या खोबणीत २४ पिनांची सोय करण्यात आली. त्यांतल्या काही वीज वाहतात, काही ग्राउंडच्या आहेत, काही जुन्या यूएसबी २.० च्या डेटासाठी आहेत, आठ पिना उच्च वेगाच्या चार जोड्यांसाठी राखून ठेवलेल्या आहेत आणि उरलेल्या पिना दोन्ही बाजूंच्या उपकरणांनी आपसांत बोलणी करण्यासाठी व इतर किरकोळ कामांसाठी आहेत. मात्र प्रत्येक केबलमध्ये या सगळ्यांसाठी तारा घातलेल्या असतातच असे नाही, आणि नियमांनुसार तशी सक्तीही नाही. स्वस्त केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारा आणि यूएसबी २.० ची एकच जोडी असते. उच्च वेगाच्या चारही जोड्या सरळ गाळलेल्या असतात. अशी केबल सदोष नसते, ती फक्त ४८० एमबीपीएसपर्यंतच्या (सेकंदाला ४८० मेगाबिट) वेगासाठी बनवलेली असते. याउलट ४० जीबीपीएसच्या (सेकंदाला ४० गिगाबिट; एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट) केबलमध्ये प्रत्येक जोडीला स्वतंत्र संरक्षक आवरण असते आणि टोकाच्या आत केबलची क्षमता सांगणारी एक चिप बसवलेली असते. किमतीतला फरक मुख्यतः इथून येतो. जाळीदार आवरण, सोनेरी मुलामा आणि चकचकीत खोके यांचा त्याच्याशी संबंध नाही, जरी दुकानातले दर पुष्कळदा याच गोष्टींवरून ठरलेले दिसतात.

प्रश्न: यूएसबी ३.०, ३.१, ३.२, ‘जेन १’, ‘जेन २’ यांतले नेमके काय पाहावे?

यांतले काहीही पाहू नये. थेट जीबीपीएसचा आकडा पाहावा. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग ४८० एमबीपीएस होता. २००८ मध्ये यूएसबी ३.० आले आणि तो ५ जीबीपीएस झाला. पुढे २०१३ मध्ये ३.१ आणि २०१७ मध्ये ३.२ अशा आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येक वेळी मागच्या वेगाला नवे नाव देण्यात आले. परिणामी जे आधी ‘३.०’ होते तेच नंतर ‘३.१ जेन १’ झाले आणि त्यानंतर ‘३.२ जेन १’. तिन्ही नावांचा वेग ५ जीबीपीएसच आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३.२’ छापून विक्रेता खोटे बोलत नसतो, पण खरेही पूर्णपणे सांगत नसतो. यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संस्थेलाच हा गोंधळ नकोसा झाल्यामुळे आता खोक्यावर ५, १०, २०, ४० किंवा ८० जीबीपीएस असा आकडा आणि केबलवर ६० किंवा २४० वॉट असा आकडा छापावा, अशी पद्धत तिने घालून दिली आहे. हे दोन्ही आकडे ज्या केबलवर स्पष्ट छापलेले आहेत तिला प्राधान्य द्यावे.

प्रश्न: नवा फोन आणि नवा लॅपटॉप असूनही व्हिडिओ उतरवायला अर्धा तास का लागतो?

बहुधा फोनच्या खोक्यात आलेली केबल यूएसबी २.० ची असते. याचे सर्वांना तपासून पाहता येण्यासारखे उदाहरण म्हणजे २०२३ साली आलेला आयफोन १५ प्रो. या फोनचा पोर्ट १० जीबीपीएस वेगाचा आहे, परंतु खोक्यातली केबल यूएसबी २.० वेगाचीच आहे. त्याच वर्षीच्या साध्या आयफोन १५ चा तर पोर्टच यूएसबी २.० चा आहे, त्यामुळे त्याला कितीही महाग केबल लावली तरी वेग वाढत नाही. दोन उपकरणे आणि मधली केबल या तिघांपैकी जी सर्वांत संथ असेल, तिचाच वेग शेवटी मिळतो.

फरक किती पडतो, हेही समजून घ्यावे. खोक्यावरचा आकडा बिटमध्ये असतो आणि संगणक फाईलचा आकार बाइटमध्ये दाखवतो, म्हणून त्याला आठाने भागावे लागते. यूएसबी २.० चे ४८० एमबीपीएस म्हणजे कागदावर सेकंदाला ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात ३५ ते ४०. लग्नाच्या चित्रीकरणाच्या ५० गिगाबाइटच्या फाइली अशा केबलने उतरवायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तेच काम १० जीबीपीएसची केबल, तेवढाच वेगवान पोर्ट आणि चांगली एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर साधारण एका मिनिटात आटोपते. विंडोजमध्ये फाईल कॉपी होत असताना ‘अधिक तपशील’ उघडल्यास सेकंदाला किती मेगाबाइट जात आहेत हे दिसते. मोठी फाईल जात असताना तो आकडा चाळिशीच्या आसपास अडकून राहिला असेल, तर मध्ये कुठेतरी यूएसबी २.० आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न: फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसतच नाही. असे का?

फोन ‘फाईल ट्रान्स्फर’वर ठेवलेला आहे का, हे आधी पाहावे, कारण अँड्रॉइड फोन संगणकाला जोडल्यावर सहसा फक्त चार्जिंगवर जातो. ते करूनही फोन दिसत नसेल, तर केबल केवळ चार्जिंगची असण्याची दाट शक्यता आहे. पॉवर बँक, टेबलावरचा छोटा पंखा, दाढीचे यंत्र, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या अनेक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. अशी केबल ओळखू आली की तिच्यावर लगेच ‘फक्त चार्जिंग’ अशी चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर ती पुन्हा त्याच खणात जाते आणि पुन्हा तोच गोंधळ करते.

प्रश्न: चार्जर १०० वॉटचा आहे, तरी लॅपटॉप चार्जिंग संथ असल्याचा इशारा देतो. दोष कुणाचा?

चार्जर आणि लॅपटॉप ठीक असतील तर दोष केबलचा. नियमाप्रमाणे बनवलेल्या प्रत्येक टाइप-सी ते टाइप-सी केबलने निदान ३ अँपिअर प्रवाह वाहिला पाहिजे. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट होतात. त्याहून अधिक वीज हवी असेल तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात ‘ई-मार्कर’ नावाची चिप असणे बंधनकारक आहे. केबल लावल्याबरोबर चार्जर या चिपला तिची क्षमता विचारतो. चिपकडून उत्तर आले नाही तर तो सावधगिरी म्हणून ३ अँपिअरच्या वर जात नाही. यातून एक गंमत होते: अनेक लॅपटॉपना ६५ वॉटचा चार्जर लागतो आणि ६० ते ६५ हा फरक नगण्य वाटतो, परंतु २० व्होल्टला ६५ वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर होत असल्याने साध्या केबलची मर्यादा तिथेच ओलांडली जाते.

२०२१ साली ही मर्यादा ४८ व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत वाढवण्यात आली. आज नवी केबल घ्यायची असेल तर १०० वॉटची शोधण्यापेक्षा २४० वॉटची घ्यावी. ती लहान फोनलाही निर्धोकपणे चालते, कारण किती वीज घ्यायची हे उपकरण ठरवते. मात्र वॉट जास्त म्हणजे डेटाचा वेगही जास्त, असा समज करून घेऊ नये. २४० वॉटच्या असंख्य केबली डेटाच्या बाबतीत यूएसबी २.० च्याच असतात. शिवाय काही फोन कंपन्यांची जलद चार्जिंगची स्वतःची पद्धत असते आणि तिला त्याच कंपनीची केबल लागते. तिथे दुसरी केबल चालते, पण जलद चालत नाही.

प्रश्न: थंडरबोल्टची केबल घेतली म्हणजे सगळे प्रश्न सुटतात का?

बरेचसे सुटतात, पण सगळ्यांनी तेवढा खर्च करण्याचे कारण नाही. थंडरबोल्ट हे डेटा आणि चित्र उच्च वेगाने नेणारे तंत्र आहे आणि थंडरबोल्ट ३ पासून ते टाइप-सीच्याच खोबणीतून चालते. ३ आणि ४ यांचा वेग ४० जीबीपीएस, तर ५ चा ८० जीबीपीएस आहे. केबलच्या टोकावर विजेचे चिन्ह आणि शेजारी ३, ४ किंवा ५ हा आकडा असतो. थंडरबोल्ट ४ ची केबल यूएसबीचा डेटा, मॉनिटरचे चित्र आणि लॅपटॉपचे चार्जिंग ही तिन्ही कामे करते, त्यामुळे एका केबलने डॉक (अनेक पोर्ट असलेली पेटी) लावून त्यावर दोन मॉनिटर, लॅन आणि कीबोर्ड चालवणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी. फोनमधले फोटो महिन्यातून एकदा उतरवणाऱ्यांना तिचा काही उपयोग नाही.

प्रश्न: प्रिंटरसाठी कोणती केबल घ्यावी?

साधी यूएसबी २.० ची, एका टोकाला नेहमीचे चपटे आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी टोक असलेली. छपाईचा वेग प्रिंटरच्या यंत्रणेवर ठरतो, केबलवर नव्हे, म्हणून इथे महाग केबल घेणे व्यर्थ आहे. लांबी ५ मीटरच्या आत ठेवावी. दुकानातला बारकोड वाचक, बिल छापणारा लहान प्रिंटर, कीबोर्ड आणि माऊस यांनाही हेच लागू आहे.

प्रश्न: बाहेरची हार्डडिस्क कधी जोडली जाते, कधी टकटक आवाज करून बंद पडते. केबल बदलावी का?

आधी केबलच बदलून पाहावी, कारण ती सर्वांत स्वस्त तपासणी आहे. पोर्टेबल हार्डडिस्क वेगळ्या अडॅप्टरशिवाय चालते, म्हणजे तिची मोटार फिरवणारी वीज याच केबलमधून येते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० चा ९००. केबल लांब आणि आतली तांब्याची तार बारीक असली तर वाटेतच व्होल्टेज पडते, मोटार पुरेशा गतीने फिरू शकत नाही आणि डिस्क पुन्हा पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करते. टकटक ऐकू येते ती त्याची. आखूड आणि चांगली केबल लावून, हब टाळून, थेट संगणकाच्या पोर्टमध्ये जोडल्यावर आवाज थांबला तर डिस्क ठीक आहे. न थांबल्यास डिस्कच निकामी होत असू शकते, तेव्हा आणखी प्रयोग न करता त्यातला डेटा लगेच दुसरीकडे घ्यावा.

या हार्डडिस्कच्या रुंद, दोन भाग असलेल्या टोकाविषयी एक बारकावा आहे. त्यातला मोठा भाग जुन्या मायक्रो-यूएसबीचाच आहे आणि लहान भागात उच्च वेगाच्या पिना आहेत. त्यामुळे जुन्या फोनची केबल मोठ्या भागात लावली तरी डिस्क चालू होते, मात्र यूएसबी २.० च्या वेगाने. मूळ केबल हरवल्यावर अनेकजण वर्षानुवर्षे असेच काम चालवतात आणि डिस्क जुनी झाल्यामुळे संथ झाली असे समजतात. संगणकाच्या बाजूला, चपट्या टोकात निळी पट्टी असेल तर ती सहसा ३.० ची खूण असते, पण रंगाचे बंधन सगळे उत्पादक पाळत नाहीत. आत डोकावून चार रुंद पट्ट्यांच्या मागे आणखी पाच पिना दिसतात का, हे पाहणे अधिक भरवशाचे. निळ्या पोर्टमध्ये टोक फार हळू सरकवले तर या मागच्या पिना टेकण्याआधीच संगणक त्याला २.० समजून मोकळा होतो, असेही कधी कधी घडते. टोक काढून झटकन लावल्यास वेग परत येतो.

प्रश्न: मॉनिटरसाठी एचडीएमआय घ्यावी की डिस्प्लेपोर्ट?

संगणक आणि मॉनिटर दोन्हींवर डिस्प्लेपोर्ट असेल तर संगणकाच्या कामासाठी तो घ्यावा. टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडायचा असेल तर एचडीएमआयला पर्याय नाही. साध्या फुल एचडी मॉनिटरला घरात पडून असलेली कोणतीही धडकी एचडीएमआय केबल पुरते. प्रश्न उभा राहतो तो ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) मॉनिटर आणल्यावर. माऊसचा बाण पडद्यावर अडखळत, तुटक सरकताना दिसला, तर मॉनिटर ६० ऐवजी ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलत, चालला आहे हे ओळखावे. एचडीएमआय १.४ ची धाव ४के ला ३० हर्ट्झपर्यंतच होती, २०१३ च्या २.० ने ६० हर्ट्झ दिले आणि २०१७ च्या २.१ ने ४८ जीबीपीएसपर्यंत मजल मारून १२० हर्ट्झ शक्य केले. हे आवृत्तीचे क्रमांक उपकरणांचे असतात. केबलवर प्रकाराचे नाव असते: ‘हाय स्पीड’, त्यावर १८ जीबीपीएसची ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि त्याही वर ४८ जीबीपीएसची ‘अल्ट्रा हाय स्पीड’. शेवटच्या दोन प्रकारांच्या खोक्यावर तपासणीचे लेबल असते आणि ते फोनने पडताळता येते. ‘एचडीएमआय २.१ केबल’ एवढेच छापलेले आणि लेबल नसलेले खोके परत ठेवावे.

सोनेरी मुलाम्याने चित्र अधिक सुंदर दिसते, हा समज मात्र सोडून द्यावा. सिग्नल डिजिटल आहे. केबल पुरी पडली तर चित्र पूर्ण येते, आणि अपुरी पडली तर पडदा क्षणभर काळा होतो, ठिपके चमकतात किंवा चित्र मुळीच येत नाही. रंग फिके पडणे किंवा अक्षरे पुसट होणे हे दोष केबलचे नसून मॉनिटरच्या किंवा संगणकाच्या सेटिंगचे असतात.

शाळा आणि सरकारी कार्यालयांतल्या जुन्या प्रोजेक्टरना अजूनही व्हीजीए केबल लागते. १९८७ सालचा हा जोड ॲनालॉग आहे, म्हणून नव्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून त्यात चित्र नेण्यासाठी नुसती केबल चालत नाही, आत रूपांतर करणारी चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तशी चिप नसलेली, दोन टोके जोडून ठेवलेली केबल बाजारात मिळते आणि ती कधीही चालत नाही.

प्रश्न: टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली, पण पडदा काळाच राहिला. केबल बदलून मिळेल का?

मिळेल, पण दुसऱ्या केबलनेही बहुधा तेच होईल. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येण्यासाठी त्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’ची सोय असावी लागते. पुष्कळशा स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि बहुतेक स्वस्त फोनमध्ये ती नसते. पोर्टच्या शेजारी इंग्रजी ‘डी’ आणि ‘पी’ गुंफलेले चिन्ह किंवा थंडरबोल्टचे विजेचे चिन्ह असेल तर सोय आहे असे समजावे. चिन्ह नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात नेमके मॉडेल शोधावे. अशा केबली एकाच दिशेने चालतात, हेही ध्यानात ठेवावे. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलचे डिस्प्लेपोर्टचे टोक संगणकाकडेच लागते; उलटी लावून संगणकाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरवर चित्र आणता येत नाही.

प्रश्न: इंटरनेटची योजना ३०० एमबीपीएसची आहे, पण लॅन केबलवर वेग ९५ च्या पुढे जात नाही. सेवा देणाऱ्याकडे तक्रार करावी का?

तक्रार करण्यापूर्वी आपली केबल पाहावी. ९३ ते ९५ वर वेग अडकणे ही जवळजवळ खात्रीची खूण आहे: संगणक आणि राउटर १०० एमबीपीएसवर जोडले गेले आहेत. लॅन केबलमध्ये चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, पण एक जीबीपीएसला चारही लागतात. आठांपैकी एक तार जरी तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तरी दोन्ही उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात आणि काम चालू राहते, म्हणून दोष लक्षातच येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग १०० किंवा १००० असा स्पष्ट दिसतो. १०० दिसल्यास प्लग नव्याने क्रिम्प करून (तारांवर दाबून बसवून) घ्यावा. त्यानेही फरक पडला नाही, तर राउटरचा आणि संगणकाचा पोर्ट मुळात गिगाबिटचा आहे का, हे पाहावे.

क्रिम्पिंग करणाऱ्याने रंगांचा क्रम पाळला का, हेही पाहावे. आपल्याकडे प्रचलित असलेला क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मुद्दाम फोडून निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना ठेवलेली आहे. काहीजण लक्षात ठेवायला सोपे म्हणून चारही जोड्या ओळीने लावतात आणि दोन्ही टोकांना तेच करतात. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण प्रत्येक तार आपापल्या जागी पोहोचलेली असते, पण जिच्यातून सिग्नल जातो ती जोडी एकत्र पिळलेली राहत नाही आणि वेग वाढताच सिग्नल बिघडतो. टेस्टर पास, इंटरनेट नापास, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

प्रश्न: कॅट-५ई, ६, ६ए, ७ आणि ८ यांतली कोणती घ्यावी?

कॅट-५ई १०० मीटरपर्यंत एक जीबीपीएस नेते आणि घरगुती वापराला आजही पुरते. कॅट-६ वर १० जीबीपीएस साधारण ५५ मीटरपर्यंत जातात, ६ए वर पूर्ण १०० मीटर. कॅट-७ ला अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने मान्यताच दिलेली नाही, आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या केबलींना नेहमीचाच प्लग असल्यामुळे त्यात वेगळे काही मिळत नाही. कॅट-८ ही डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी आहे. घरात ती लावणे निव्वळ हौस. नव्या घराच्या भिंतीत पाइप टाकले जात असतील तर कॅट-६ किंवा ६ए घालावी, कारण केबल स्वस्त असते आणि भिंत फोडणे महाग. ती विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ओढू देऊ नये, इलेक्ट्रिशियनने कितीही आग्रह केला तरी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारेचा धातू. बाजारातल्या स्वस्त गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते आणि खोक्याच्या कोपऱ्यात ‘सीसीए’ अशी बारीक अक्षरे असतात. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, ती वाकवल्यावर लवकर तुटते आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज द्यायची असेल तर लांब अंतरावर कॅमेरा रात्री बंद पडू लागतो, कारण अंधारातले दिवे लागताच विजेची गरज वाढते. ओळखणे सोपे आहे: तारेचे टोक ब्लेडने खरवडावे. आतून चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची आहे. गुंडाळी संशयास्पद हलकी लागली तरीही हीच शंका घ्यावी.

प्रश्न: केबल किती लांब चालते?

वेग जितका जास्त तितकी केबल आखूड, हा नियम सर्वत्र लागू होतो. टाइप-सी केबलींमध्ये साधारणपणे ५ जीबीपीएसला २ मीटर, १० जीबीपीएसला १ मीटर आणि ४० जीबीपीएसला ८० सेंटिमीटर अशी मर्यादा आहे. आत सिग्नल सावरणारी चिप असलेली ॲक्टिव्ह केबल घेतली तर यापुढे जाता येते, पण ती महाग असते. ‘३ मीटर, ४० जीबीपीएस’ असे छापलेली केबल साध्या केबलच्या भावात मिळत असेल तर छापलेले खोटे आहे. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ एचडीएमआय ४-५ मीटरपलीकडे न्यायची असेल तर ऑप्टिकल प्रकारची घ्यावी. तिच्या टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ असे लिहिलेले असते आणि ती उलटी लावल्यास चालत नाही. छतात बसवताना हे आधी तपासावे, नंतर नव्हे.

प्रश्न: बाहेरची हार्डडिस्क जोडली की वायरलेस माऊस अडखळतो. याचा केबलशी संबंध आहे का?

आहे. यूएसबी ३.० च्या सिग्नलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो आणि वायरलेस माऊस, ब्लूटूथ व जुने वाय-फाय याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ मध्ये याविषयी स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले होते. चांगले संरक्षक आवरण असलेली केबल घेतल्यास गोंगाट कमी होतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे माऊसचा छोटा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावणे.

प्रश्न: स्वस्त केबलने उपकरण जळू शकते का?

क्वचित, पण हो. गूगलमधील अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ पासून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या टाइप-सी केबली तपासायला सुरुवात केली, आणि २०१६ च्या सुरुवातीला अशाच एका केबलने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. तिच्यात वीज आणि ग्राउंड यांच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. अधिक प्रमाणात आढळणारा दोष जुन्या चपट्या टोकाच्या टाइप-सी केबलींत होता. त्यांच्यात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असायला हवा. त्याजागी चुकीचा रेझिस्टर घातला की फोन समोरच्या पोर्टच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह ओढू लागतो आणि जुना लॅपटॉप किंवा चार्जर गरम होतो. रस्त्यावरची, नाव नसलेली केबल फोनच्या चार्जिंगला एकवेळ वापरावी; पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपला ती लावू नये.

प्रश्न: केबल लावताना बोटांना झिणझिण्या येतात. केबल खराब आहे का?

केबल नव्हे, घराचे अर्थिंग खराब आहे. तीन पिनांच्या प्लगला सॉकेटमध्ये अर्थ मिळाला नाही, तर संगणकाच्या वीजपुरवठ्यातील फिल्टरमधून झिरपणारा किंचित प्रवाह धातूच्या पेटीवर साठून राहतो आणि ती पेटी विजेच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. हा प्रवाह इतका कमी असतो की सहसा इजा होत नाही, परंतु अशा संगणकाला चालू स्थितीत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की दोन उपकरणांमधला फरक त्या केबलच्या पिनांमधून वाहतो आणि पोर्ट जाऊ शकतो. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत दोन्ही उपकरणांचे प्लग भिंतीतून काढूनच केबल जोडावी.

प्रश्न: आता सगळीकडे टाइप-सी होत आहे. पुढे हा गोंधळ मिटेल का?

टोकाचा मिटेल, केबलचा नाही. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना आणि बऱ्याच लहान उपकरणांना टाइप-सी चार्जिंग सक्तीचे झाले आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीच्या टोकांचे व केबलींचे मानक प्रसिद्ध केले आहे. त्यामुळे वेगवेगळ्या आकारांची केबल शोधत फिरण्याची वेळ कमी येईल. पण पूर्वी टोक पाहून निदान अंदाज तरी बांधता येत असे. आता ६० वॉटची संथ केबल आणि ८० जीबीपीएसची केबल एकाच खणात, एकाच चेहऱ्याने पडून असतात.

प्रश्न: दुकानात नेमके काय विचारावे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ‘चांगली टाइप-सी दाखवा’ असे म्हटले की दुकानदार सर्वांत जाड किंवा सर्वांत महाग केबल काढतो. त्याऐवजी काम सांगावे आणि आकडा मागावा: “एसएसडीसाठी १० जीबीपीएस, १ मीटर” किंवा “लॅपटॉपच्या चार्जिंगला २४० वॉट, २ मीटर, डेटा नसला तरी चालेल.” आकडा खोक्यावर छापलेला दाखवायला सांगावा; तोंडी हमी घेऊ नये. लॅपटॉप आणि डिस्क सोबत नेता आली तर मोठी फाईल तिथेच कॉपी करून पाहावी. बिल घ्यावे आणि ‘वेग न मिळाल्यास परत’ असे त्यावर लिहून घ्यावे. चोख दुकानदार याला नकार देत नाही.

सर्वसाधारण घराला चार केबली पुरतात: चार्जिंगसाठी २४० वॉटची २ मीटर टाइप-सी, डेटासाठी १० जीबीपीएसची १ मीटर टाइप-सी, मॉनिटर किंवा टीव्हीसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ एचडीएमआय आणि कॅट-६ ची एक तयार लॅन केबल. घरी आणल्याबरोबर प्रत्येकीच्या टोकाजवळ कागदी चिकटपट्टीवर वेग, वॉट आणि खरेदीचे वर्ष लिहून ठेवावे.

प्रश्न: जुन्या केबलींचे काय करावे?

व्हीजीए, प्रिंटरची चौकोनी टोकाची आणि हार्डडिस्कची रुंद टोकाची अशी प्रत्येकी एक चालू केबल ठेवावी. एखाद्या दिवशी जुनी डिस्क उघडावी लागते आणि तेव्हा ती दुकानात मिळत नाही. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत टोके उघडी ठेवल्यास पिनांवर हिरवट थर चढतो, म्हणून ती बंद पिशवीत ठेवावीत. बाकीच्या केबली कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. केबली नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात द्याव्यात. ज्या केबलमध्ये दोष आढळला आहे ती देण्यापूर्वी मधोमध कापून द्यावी, म्हणजे ती कुणी उचलून पुन्हा वापरात आणणार नाही.